दोन पेले कमी

आमच्या चर्चच्या मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि त्याचा रस मी करते. गेली आठ वर्षं करते. हे काम मला कुणी मानानं दिलेलं नाही. आधी करणाऱ्या बाईंचे गुडघे गेले आणि त्याच सुमारास मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, एवढंच. मास्तरीण रिकामी बसलेली दिसली की लोकांना चैन पडत नाही.

काम सोपं आहे. शनिवारी संध्याकाळी काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या. सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, गार झाल्या की हातानं कुस्करायच्या आणि पांढऱ्या पंच्याच्या तुकड्यातून गाळायच्या. साखर घालायची नाही. एकदा एका नव्या सुनेनं मी नसताना घातली होती, तर मागच्या रांगेतल्या पोरांनी ताट पुन्हा मागितलं. मनुका मी वाटूरच्या किराणा दुकानातून घेते. दुकानदाराचा आमच्या धर्माशी काही संबंध नाही, पण शनिवारी मी दिसले की तो न विचारता पाव किलो बांधतो आणि म्हणतो, "उद्या तुमचं ते हाय ना." त्याला ते म्हणजे काय, हे माहीत नाही. मला माहीत होतं, तरी मी सहा वर्षं त्यातलं काही तोंडात घातलं नव्हतं.

आमचं चर्च म्हणजे रस्त्याला लागून असलेली पत्र्याची एक लांब खोली. आजूबाजूच्या सात-आठ गावांतून माणसं येतात, कुणी मोटारसायकलवर, कुणी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, खाली सतरंज्या. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून आधी भाकरीच्या तुकड्यांचं ताट फिरतं, मग रसाच्या पेल्यांचं. पेले काचेचे, औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढे. ताट बायकांकडून सुरू होतं आणि पुरुषांकडे संपतं. ज्यानं त्यानं आपला पेला हातात धरून बसायचं आणि पाळकसाहेबांनी सांगितलं की सगळ्यांनी एकदम प्यायचा. उचललेला पेला ताटात परत ठेवत नाहीत.

आणि मनात कुणाबद्दल आढी असेल तर ताट पुढं जाऊ द्यायचं. हेही कुठं लिहून लावलेलं नाही. पण आमच्यात हे लग्नाच्या बोलण्यापेक्षा जास्त पाळलं जातं. कुणी ताट पुढं सरकवलं की सगळ्यांना दिसतं. चर्चमध्ये कुणी काही बोलत नाही. घरी जाताना काळीपिवळीत सगळे बोलतात.

मी आणि माझा थोरला भाऊ, आम्ही दोघं सहा वर्षं ताट पुढं सरकवत होतो. मी डावीकडे, तो उजवीकडे. लोक बसले की मी दारातून डोकी मोजायचे, त्यातून दोन वजा करायचे आणि तेवढेच पेले भरायचे. रस उरला तर तो ओतून टाकता येत नाही, झाडाच्या मुळाशी घालावा लागतो, म्हणून मोजूनच भरलेला बरा. हा हिशेब माझ्या इतका अंगवळणी पडला होता की त्यात दोन जिवंत माणसं आहेत हेही मी विसरून गेले होते.

भांडण आईच्या मातीवरून झालं.

आई गेली तेव्हा मी पुण्यात होते, मुलीच्या बाळंतपणाला. मे महिना होता. सकाळी नऊला भावाचा फोन आला आणि दहाला मी जावयानं ठरवून दिलेल्या गाडीत बसले होते. ड्रायव्हरनं शेवगावकडचा रस्ता धरला. वडीगोद्रीला पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. तिथून मी भावाला फोन केला. म्हटलं, दीड तासात पोचते, थांबा. तो म्हणाला, "ये बाई, सावकाश ये." मला बरं वाटलं. तीर्थपुरीत मी गाडी थांबवून आईसाठी पांढऱ्या फुलांचा हार घेतला.

मी पोचले तेव्हा दफनभूमीतून लोक परत येत होते. कुणाच्या तरी हातात खोरं होतं. मातीवर पाणी शिंपडलेलं होतं आणि ते अजून वाळायचं होतं.

आमच्यात पेटी बंद करण्याआधी पाळक विचारतात, सगळ्यांनी तोंड पाहिलं का म्हणून. त्या दिवशीही विचारलं होतं. कुणीतरी म्हणालं, लेक यायचीये. भाऊ म्हणाला, झाकण लावा. हे मला एकीनं नाही, तिघींनी वेगवेगळं येऊन सांगितलं. अशा गोष्टी सांगायला माणसं किती लांबून चालत येतात! भावाचं म्हणणं असं की ऊन फार होतं आणि आई टिकली नसती. ते खरंही असेल. पण जेव्हा तो मला फोनवर सावकाश ये म्हणाला, तेव्हा पेटीचं झाकण लागलेलं होतं. मला सगळ्यात जास्त तो एक शब्द लागला. हार मी गाडीतच ठेवला आणि परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला काढून टाकायला सांगितला.

त्यानंतर मी भावाशी बोलले नाही. तो दोन वेळा घरी आला. मी चहा दिला आणि शेजारणीला बोलावून बसवलं, म्हणजे त्याला काही बोलता येऊ नये. तिसऱ्यांदा तो आला नाही.

मी देवाला विसरले होते असं कुणी समजू नये. उलट रोज प्रार्थना करायचे. भाऊ कसा वागला ते देवाला पहिल्यापासून सांगायचे आणि शेवटी आमेन म्हणायचे. शांती हा शब्द आमच्या चर्चमध्ये एका रविवारात पंधरा-वीस वेळा तरी येतो. गाण्यात येतो, प्रार्थनेत येतो, निघताना एकमेकांना देतानाही येतो. मीही देत होते. मला वाटायचं, माझ्याकडे शांतीच आहे. भांडत नाही, ओरडत नाही, कुणाचं नाव घेत नाही, आणखी काय हवं? आता लिहिताना तेव्हाच्या त्या बाईची, म्हणजे माझीच, मला थोडी चीड येते.

गेल्या वर्षी हिवाळ्यात पाळकसाहेब एका दुपारी माझ्या घरी आले. ते नगरकडचे, वयानं माझ्या मुलीएवढे, बोलताना शब्द जपून वापरणारे.

"बाई, तुमच्या दादांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं आहे. संभाजीनगरला, गुरुवारी."

मला ते आधीच कळलं होतं. भावजय बाजारात भेटली होती आणि माझ्यासमोर रडली होती.

"त्यांची एक इच्छा आहे. जाण्याआधी या रविवारी प्रभुभोजन घ्यावं."

"घेऊ द्या की," मी म्हटलं. "मी काय त्यांचा हात धरलाय?"

"तुमच्या मनात आढी आहे तोवर ते घेणार नाहीत. तसं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं."

"मंग ते त्यांचं बघतील."

पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि प्रार्थना करू का विचारलं. मी करा म्हटलं. त्यांनी माझ्यासाठी केली, भावासाठी केली. मी डोळे मिटून बसले आणि मनात ठरवलं की रविवारी मी काही करणार नाही. माणूस मरायला टेकला म्हणून त्याचं चुकलेलं बरोबर होतं का? मी बत्तीस वर्षं पेपर तपासले आहेत. आजारी पोराला मी कधी वाढीव गुण दिले नाहीत. तसं त्या रात्री जेवण गेलं नाही, हेही सांगायला हवं.

रविवारी मी नेहमीसारखी दारात उभी राहून डोकी मोजली. भाऊ आला होता. मफलर गुंडाळून भिंतीला टेकून बसला होता, त्याला आता मांडी घालता येत नव्हती. मी दोन वजा केले आणि पेले भरले.

भाकरीचं ताट आलं, मी पुढं दिलं. उजवीकडे तो काय करतो ते मी पाहिलं नाही, पण कळलं. मग पेल्यांचं ताट आलं. माझ्या शेजारी एक म्हातारी आजी बसते. तिचे हात सतत थरथरतात, म्हणून तिची सून तिच्यासाठी पेला उचलते आणि वेळ आली की तिच्या ओठाला लावते. त्या दिवशी सून माहेरी गेली होती. ताट समोर आलं तसा मी आजीसाठी एक पेला उचलला आणि ताट पुढं दिलं. वळून बघते तर आजीनं आपला पेला केव्हाच उचलला होता. दोन्ही हातांत धरून ती छान बसली होती, एक थेंब सांडला नव्हता.

ताट तोवर दोन बायका पुढं गेलं होतं. माझ्या हातात पेला होता.

आधी मला कुणी पाहिलं नाही. मग समोरच्या रांगेतल्या एकीनं मागं वळून पाहिलं, तिनं शेजारणीला कोपर मारलं, आणि बघता बघता सगळ्या बायकांच्या माना वळल्या. सहा वर्षांत मी त्या खोलीत इतकी अवघडले नव्हते. मी उजवीकडे पाहिलं. भाऊ माझ्या हाताकडे बघत होता. तोंडाकडे नाही, हाताकडे.

ताट पुरुषांमध्ये गेलं. रांगेरांगेनं फिरत भिंतीपाशी आलं. भावानं हात पुढं केला आणि पेला घेतला.

माझ्याजवळ अजून वाट होती. ताटात परत ठेवता येत नसला तरी पेला खाली सतरंजीवर ठेवता येतो. आजीच्या पुढ्यात ठेवला असता तर सगळ्यांना कारणही कळलं असतं. मी ठेवला नाही. कारण मला वाटलं, त्यानं हा पेला माझ्यावर विसंबून उचललाय. त्याला वाटलंय, बहिणीनं माफ केलं. आता मी खाली ठेवला तर तो चार दिवसांनी टेबलावर झोपेल तेव्हा त्याच्या मनात काय असेल? मला त्याचा राग होता, पण इतका नव्हता. हे मला तेव्हा, पेला हातात धरून बसल्यावर कळलं.

ताट शेवटी पाळकसाहेबांपाशी गेलं. ते रिकामं होतं. त्यांचा आणि ताट फिरवणाऱ्या एका पंचांचा, असे दोन पेले कमी पडले. पाळकसाहेबांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. त्यांचा आवाज एरवी खणखणीत असतो. त्या दिवशी "घ्या" म्हणताना तो फुटला. आम्ही प्यालो. मी रागातच प्याले. रस जरा जास्त आटला होता.

नंतर मी मागच्या नळावर पेले विसळत बसले. बायका येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवत होत्या, एक-दोघी रडल्याही. मी कुणालाच खरं सांगितलं नाही. गर्दी पांगली तसा भाऊ हळूहळू चालत आला आणि पायरीवर बसला. दोन मिनिटं त्याचा दमच पुरत नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "तुला एक सांगायचं राह्यलंय. आता सांगतो, न्हाईतर राहून जाईल."

"बोल."

"आईला ठेवायला बर्फाची पेटी मिळत होती त्या दिवशी. जालन्याहून फोन आल्ता, दोन तासांत पाठवतो म्हणून. मीच न्हाई म्हणालो."

मी हातातला पेला बादलीत टाकला. त्याच्या काठाची कपची उडाली, तो पेला अजून तसाच आहे.

"का?"

"मला बघवत न्हवतं तिच्याकडं. कधी एकदा झाकण लागतंय असं झाल्तं मला. अन तू आली असती, रडली असती, मंग मला बी रडावं लागलं असतं. पन्नास माणसं होती समोर." त्यानं दम घेतला. "ऊनबिन सगळं मागून जोडलं मी. चूक माझीच हाय, बिलकुल माझीच."

सहा वर्षं मी हेच म्हणत होते की ऊन हे निमित्त आहे. माझंच खरं निघालं. पण खरं निघाल्याचा आनंद होईल असं जे वाटायचं, ते काही झालं नाही. आणि वर आता मी तो पेला पिऊन बसले होते. आधी कळलं असतं तर उचलला तरी असता का?

"सहा वर्षं का न्हाई सांगितलं?"

"सांगायला आलो होतो की दोनदा. तू शेजारीण बसवली."

मी विसळलेले पेले एकेक करून उपडे घातले. मग मलाही वाटलं, याच्यापेक्षा जास्त खोटं आपण कशाला ठेवायचं.

"दादा, तो पेला मी माझ्यासाठी उचलला न्हवता. आजीसाठी घेतला होता. चुकून राह्यला हातात."

"मला म्हाईतंय."

"काय म्हाईतंय?"

"दिसलं मला. मी तुझ्याकडंच बघून राह्यलो होतो. आजीनं आपला घेतला, तू आजीसाठी घेतला, अन अडकली."

"मंग तू कशाला घेतला?"

तो मफलर नीट करत बसला. लहानपणी खोटं बोलायचं असलं की तो असा कपड्यांशी चाळा करायचा, पण या वेळी खोटं बोलला नाही.

"सगळ्या जणी तुझ्याकडं बघून राह्यल्या होत्या. तू एकटीच पेला धरून बसली होती. म्हणलं, एकटी नको पडायला. तू खाली ठेवला असता तर मी बी ठेवला असता. मंग गेलो असतो तसाच, काय त्यात."

मी नळ चालू ठेवला होता, तो बंद केला. या माणसाला चार दिवसांनी छाती उघडून घ्यायची होती. त्याला त्याआधी हवी असलेली एकच गोष्ट होती, आढी मिटल्यावरचं प्रभुभोजन, आणि ती त्यानं माझी फजिती होऊ नये म्हणून पणाला लावली होती. मला लहानपणापासून शिकवलेलं आहे की आम्ही लायक नसताना आमच्यावर प्रेम केलं गेलं. मी ते शेकडो पोरांना रविवारच्या शाळेत शिकवलंही आहे, फळ्यावर लिहून. ते असं, मफलर गुंडाळून, धापा टाकत पायरीवर येऊन बसेल, हे माझ्या ध्यानात नव्हतं. मला रडू आलं. राग मात्र गेला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं, हे कुणी सांगत नाही.

"अर्धंच झालं पण आपलं," तो म्हणाला. "भाकरी तर गेलीच पुढं."

"गप बस," मी म्हटलं.

बुधवारी गाडीत मीही बसले. कुणी बोलावलं नव्हतं. भावजयीनं सरकून जागा केली. रस्ताभर आम्ही दोघी डब्यात काय काय घेतलंय यावर बोललो आणि भाऊ पुढच्या सीटवर झोपला.

गुरुवारी सकाळी त्याला आत न्यायच्या आधी पाच मिनिटं भेटू दिलं. अंगावर हिरवा झगा, हातात सुई, दातांची कवळी काढून ठेवलेली. भावजय प्रार्थना करून बाहेर गेली. मी निघाले तशी त्यानं माझी बोटं धरली.

"बाई, केलं का माफ?"

सरळ हो म्हणायला काय जात होतं? दवाखान्यात माणसं याहून मोठं खोटं बोलतात. पण आदल्या रविवारी आम्ही दोघांनी खरं बोलायला सुरुवात केली होती आणि ती मोडायची मला हिंमत झाली नाही.

"न्हाई अजून," मी म्हटलं. "करून राह्यले. तू बाहेर ये, तवर हुईल."

तो कवळी नसलेल्या तोंडानं हसला आणि म्हणाला, "बराबर हाय." मग त्याला नेलं.

बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. भावजय पुटपुटत एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला प्रार्थना येईना. देवाला भावाची तक्रार सांगायची सवय, आणि आता तक्रार सुरू केली की मध्येच त्याचं ते पायरीवर बसणं यायचं आणि पुढचं विसरायला व्हायचं. तीन-चार वेळा पहिल्यापासून सुरुवात केली. मग सोडून दिलं आणि नुसती बसून राहिले.

चार तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि ऑपरेशन चांगलं झालं म्हणून सांगितलं. माझं माफ करून त्याच्या आधीच झालं होतं.